साईट ऐन गर्दीतच बंद पडते: होस्टिंग वाढवण्याआधी आणि वाढवताना

श्रावणी सोमवार सुरू झाले की नाशिक-त्र्यंबकच्या लॉज आणि होमस्टेवाल्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. वेबसाईट उघडत नाही, किंवा उघडायला इतका वेळ घेते की पाहुणा कंटाळून दुसरीकडे खोली बुक करतो. होस्टिंग कंपनीला, म्हणजे जिच्या सर्व्हरवर (कायम चालू असणाऱ्या कॉम्प्युटरवर) आपली साईट ठेवलेली असते तिला, विचारलं तर उत्तर ठरलेलं: तुमचा प्लॅन लहान पडतोय, वरचा घ्या. पैसे भरले जातात, काही आठवडे बरे जातात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत द्राक्षबागा बघायला मुंबई-पुण्याची मंडळी यायला लागली की साईट पुन्हा आडवी.

दिंडोरी रोडला आमचा बागेतल्या मुक्कामाचा व्यवसाय आहे. कोडिंग मला येत नाही, पण साईट मीच सांभाळतो, आणि ओळखीतल्या दुकानदारांची, क्लासवाल्यांची साईट अडली की तेही फोन करतात. या सगळ्यातून एक गोष्ट मला पक्की पटली आहे: साईट नेमकी कधी पडते हे कळल्याशिवाय वरच्या प्लॅनला पैसे भरू नयेत. वेळ सापडली की कारण बहुधा सापडतं, आणि त्यातली बरीच कारणं अशी असतात की कितीही मोठा प्लॅन घेतला तरी ती जात नाहीत.

आधी वेळ पकडा

एक वही करा. साईट पडली की तारीख, वेळ, पडद्यावर काय दिसलं त्याचा स्क्रीनशॉट, आणि त्या वेळी तुम्ही वायफायवर होतात की मोबाईल डेटावर, एवढं टिपून ठेवा. दर पाच मिनिटांनी साईट तपासून बंद असल्यास ईमेल पाठवणाऱ्या मोफत सेवाही मिळतात. तुम्ही झोपलेले असताना काय झालं ते त्यांच्यामुळे कळतं. एखाद्या महिन्याच्या नोंदी हातात आल्या की पुढचं सगळं बोलणं सोपं होतं, कारण सपोर्टवाल्यांना ‘साईट सारखी बंद पडते’ या वाक्यातून काहीच शोधता येत नाही.

पडद्यावरचा आकडाही महत्त्वाचा. ५०८ आणि सोबत ‘रिसोर्स लिमिट इज रीच्ड’ दिसलं, तर तुमच्या खात्याला एका वेळी जेवढं काम करायची मुभा आहे ती संपली. ५०० किंवा ५०३ आलं तर मेमरी किंवा प्रोसेसची मर्यादा संपलेली असू शकते, पण एखादं प्लगइन (साईटला जोडलेला जादा सोयीचा छोटा प्रोग्राम) बिघडलं तरी हेच आकडे दिसतात. ५०४ म्हणजे आतलं काम इतकं लांबलं की पुढच्या सर्व्हरने वाट बघणं सोडलं. ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’ आलं तर साईट डेटाबेसपर्यंत, म्हणजे तिचा मजकूर आणि नोंदी जिथे साठतात तिथपर्यंत, पोचू शकली नाही. ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ ही मात्र वेगळीच गोष्ट. तिचा प्लॅनच्या आकाराशी काहीही संबंध नाही.

मोठा प्लॅन घेऊन न सुटणारी दुखणी

सगळ्यात फसवं दुखणं आधी सांगतो, कारण त्यात भले भले पैसे घालवतात. साईट फक्त दुकानातून किंवा ऑफिसातून उघडत नाही, बाकी सगळ्यांना दिसते. मोबाईलचं वायफाय बंद करून डेटावर बघा. उघडली, तर सर्व्हरच्या सुरक्षा यंत्रणेने तुमच्या दुकानाचा आयपी पत्ता (तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) बहुधा अडवलेला आहे. असं का होतं? दुकानातल्या एखाद्या जुन्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर ईमेलचा जुना पासवर्ड तसाच राहिलेला असतो. तो बिचारा दर काही मिनिटांनी लॉगिन करायला जातो, चुकतो, आणि सर्व्हरला वाटतं कुणीतरी पासवर्ड फोडायचा प्रयत्न करतंय. राउटर बंद करून चालू केला की नवा आयपी मिळतो, साईट दिसायला लागते, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. सराफ बाजारातल्या एका दुकानाचा हा त्रास असाच चालू होता. मधल्या काळात त्यांनी प्लॅन बदलला, काहीही फरक पडला नाही. बिलिंगच्या कॉम्प्युटरवर एक विसरलेलं ईमेल खातं होतं, ते काढल्यावर प्रश्न मिटला.

दर तीन महिन्यांनी त्याच सुमाराला ‘कनेक्शन प्रायव्हेट नाही’ ही सूचना येत असेल तर एसएसएल प्रमाणपत्राकडे (साईटशी जोडणी सुरक्षित असल्याचा दाखला) बघा. बहुतेक होस्टिंगवर मोफत मिळणारी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं ९० दिवसांची असतात आणि आपोआप नवी व्हायला हवीत. डोमेनचा (तुमच्या साईटच्या नावाचा) एखादा पत्ता, बहुतेक वेळा ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेला किंवा नसलेला, जुन्याच कुठल्यातरी सर्व्हरकडे वळवलेला राहिला की आपोआप होणारं काम अडतं आणि दर वेळी कुणीतरी हाताने करून देतं. विकत घेतलेलं प्रमाणपत्र असेल तरी आता निवांत राहता येणार नाही. पूर्वी ते ३९८ दिवसांपर्यंत चालायचं. मार्च २०२६ पासून ही कमाल मुदत २०० दिवसांवर आली आहे, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस. म्हणजे हाताने नूतनीकरण करत राहणं पुढे परवडणारच नाही. सपोर्टला एकच मागणी करा: आपोआप नूतनीकरण का अडतंय ते शोधून द्या.

वर्षातून एकदा, ठरावीक महिन्यात साईट गायब होत असेल तर डोमेन किंवा होस्टिंगचं नूतनीकरण राहिलेलं असतं. ‘ऑटो रिन्यू चालू आहे’ म्हणून आपण निर्धास्त असतो. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आवर्ती वसुलीसाठी ई-मँडेट, म्हणजे तुम्ही आधी दिलेली ऑनलाइन संमती, लागतं. परदेशी कंपनीने ती सोय केलेली नसेल तर तुमच्या कार्डावरून पैसे कापले जात नाहीत, आणि कंपनीचे स्मरणपत्राचे ईमेल साईट बनवणाऱ्याच्या पत्त्यावर जातात. तो आता पुण्यात नोकरीला असतो. म्हणून मुदतीच्या महिनाभर आधीचा गजर स्वतःच्या फोनमध्ये लावा.

रोज ठरलेल्या वेळी साईट रेंगाळते का? मग बॅकअप घेणाऱ्या प्लगइनकडे संशयाने बघा. वर्डप्रेसची (बऱ्याच साईट ज्यावर बनतात त्या सॉफ्टवेअरची) ठरावीक वेळची कामं कुणीतरी साईटला भेट दिली की सुरू होतात. तुम्ही बॅकअपची वेळ पहाटे तीनची दिली, पण पहाटे कुणी फिरकलंच नाही, तर सकाळी पहिला पाहुणा आला की बॅकअप चालू होतो, आणि नेमका तो पाहुणा ताटकळतो. होस्टिंगच्या पॅनेलमधून (होस्टिंग हाताळायच्या पानावरून) ‘क्रॉन जॉब’, म्हणजे ठरल्या वेळी काम करायची सर्व्हरला दिलेली सूचना, लावून हे काम खरोखर पहाटे करून घेता येतं. सपोर्टवाले विनंती केली तर लावून देतात. बॅकअप त्याच होस्टिंगवर साठत असतील तर जागाही त्यांनीच भरते. जागा संपली की आधी ईमेल येणं थांबतं, मग साईटचे फॉर्म चालत नाहीत. बॅकअप गूगल ड्राइव्हवर पाठवा आणि तिथे जुने आपोआप पुसले जातील असं ठेवा.

आता बॉट, म्हणजे माणसाऐवजी साईटवर येणारे आपोआप चालणारे प्रोग्राम. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये (साईटवर किती माणसं आली ते मोजणाऱ्या सेवेत) रात्री दोन वाजता चार-पाच माणसं दिसतात आणि त्याच वेळी सर्व्हरचा सीपीयू (प्रोसेसर) मात्र भरलेला असतो, तर ती गर्दी माणसांची नाही. लॉगिनच्या पानावर पासवर्ड ठोकून बघणारे, एक्सएमएल-आरपीसी या जुन्या दारावर धडका देणारे, हजारो पानं उपसणारे क्रॉलर असे बरेच प्रकार असतात. त्यांच्यासाठी महागडा प्लॅन घेणं म्हणजे आपल्या पैशाने त्यांची सोय करणं. क्लाउडफ्लेअर या विनंत्या गाळणाऱ्या सेवेचा मोफत प्लॅन साईटपुढे लावणं, लॉगिनच्या प्रयत्नांना मर्यादा घालणं आणि एक्सएमएल-आरपीसी बंद करणं, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. ही कामं स्वतः जमत नसतील तर साईट बनवणाऱ्याकडून एका बैठकीत करून घ्या.

अ‍ॅनालिटिक्स आणि सर्व्हरचा आलेख एकमेकांशेजारी ठेवून बघण्याची सवय मी सगळ्यांना लावतो. दोन्ही एकत्र चढत असतील तर खरी गर्दी आहे. फक्त सर्व्हरचा आलेख चढत असेल तर दुखणं आत आहे. एक सावधगिरी: सर्व्हरचं घड्याळ पुष्कळदा यूटीसी या जागतिक वेळेवर असतं, जी आपल्या साडेपाच तास मागे चालते. आलेखावर दुपारचे साडेतीन दिसत असतील तर नाशिकमध्ये तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात.

रिसोर्स युसेजचं पान वाचायला शिका

तुमच्या होस्टिंगला सीपॅनेल नावाचं पॅनेल असेल तर ‘मेट्रिक्स’ भागात ‘रिसोर्स युसेज’ नावाचं पान बहुधा मिळेल. गेल्या २४ तासांत तुमची साईट कोणत्या मर्यादेला अडली ते तिथे थेट लिहिलेलं असतं. ‘फॉल्ट’ या रकान्यात किती वेळा अडली त्याची संख्या असते. सीपीयू किंवा आय/ओ (डिस्कवर वाचणं-लिहिणं) ला अडली तर साईट संथ होते. फिजिकल मेमरीला अडली तर ५०० किंवा ५०३ येतं. एंट्री प्रोसेसला अडली तर ५०८.

एंट्री प्रोसेस हा शब्द नीट समजून घ्यायलाच हवा, कारण प्लॅन विकताना त्याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. एकाच क्षणी किती पानं बनवण्याचं काम चालू राहू शकतं, ती ही मर्यादा. समजा मर्यादा २० आहे. याचा अर्थ साईटवर फक्त वीस माणसं येऊ शकतात असा नाही. शनिवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलात वीस खुर्च्या असतात, पण लोक पटापट उठले तर त्याच खुर्च्यांवर शेकडो माणसं जेवून जातात. तुमचं पान तयार व्हायला अर्धा सेकंद लागत असेल तर २० च्या मर्यादेत सेकंदाला ४० पानं देता येतात. तेच पान पाच सेकंद घेत असेल तर सेकंदाला फक्त ४. प्लॅन तोच, पैसे तेच, दहापट फरक. म्हणून आधी पानाचा वेळ कमी करायचा आणि मगच मर्यादा वाढवायची.

वेळ कमी करायला सगळ्यात मोठा हातभार कॅशेचा. पान दर वेळी नव्याने न बनवता तयार प्रत पुढे करायची, एवढंच ते काम. होस्टिंगकडे स्वतःचं कॅशे असेल तर तेच वापरा. एकावर एक दोन-तीन कॅशे प्लगइन चढवू नका, ती एकमेकांत अडकतात. पीएचपीची (वर्डप्रेस जिच्यात लिहिलंय त्या भाषेची) आवृत्तीही बघा. ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलं, तरी कित्येक साईट अजून तिच्यावर चालतात. नव्या आवृत्तीवर तेच पान कमी वेळात तयार होतं. मात्र आधी बॅकअप घ्या, आणि बदलल्यावर पांढरं पान दिसलं तर घाबरू नका. जुनी थीम किंवा प्लगइन नव्या आवृत्तीला चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पॅनेलमधून आवृत्ती परत मागे नेता येते.

फोटोंबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. बागेचे, खोल्यांचे फोनवर काढलेले चार-पाच एमबीचे फोटो तसेच चढवले की पाहुण्याच्या मोबाईलवर साईट जड होते, हे खरं. ते वेबपी स्वरूपात हलके करायलाच हवेत. पण त्यामुळे ५०८ जाईल अशी आशा धरू नका, कारण फोटो पाठवण्यासाठी सर्व्हरला पान बनवायचे कष्ट नसतात. ५०८ वर उपाय म्हणजे कॅशे, आणि भारी प्लगइन काढणं. वर्डप्रेसच्या ‘टूल्स’मध्ये ‘साईट हेल्थ’ आहे, तिथल्या सूचनाही एकदा शांतपणे वाचा.

कॉलेज रोडच्या एका क्लासची साईट चाचणीच्या निकालाच्या दिवशी दर वेळी पडायची. सगळी मुलं आणि पालक एकाच दहा मिनिटांत आसन क्रमांक टाकून निकाल शोधत. प्रत्येक शोधाला डेटाबेस, प्रत्येकाचं उत्तर वेगळं, त्यामुळे कॅशेचा उपयोग शून्य. वर्षातून मोजक्या दिवसांसाठी वर्षभराचा मोठा प्लॅन घ्यायचा का? त्यांनी आसन क्रमांकांच्या बॅचनिहाय पीडीएफ याद्या लावल्या आणि शोधाचा फॉर्म काढून टाकला. साईट जुन्याच प्लॅनवर टिकली. मला हा उपाय फार आवडतो, कारण तो क्लासच्या सरांनी स्वतः सुचवला, कुठल्याही तांत्रिक माणसाने नाही.

वाढवायलाच हवं, तेव्हा

येवल्याच्या एका ताईंचं पैठणीचं ऑनलाइन दुकान आहे, वूकॉमर्सवर, म्हणजे वर्डप्रेसच्या दुकानाच्या प्लगइनवर. लग्नसराईत आणि दिवाळीत त्यांच्याकडे खरोखर माणसं येतात. अ‍ॅनालिटिक्स आणि सर्व्हरचा आलेख सोबत चढतो. दुकानाच्या यादीची पानं कॅशे झाली, पण कार्ट आणि चेकआउट कॅशे करता येत नाही, करूही नये, नाहीतर एकाची पिशवी दुसऱ्याला दिसायची. पैसे भरायच्या पानावरच साईट अडत होती. इथे मोठा प्लॅन घेणं हाच उपाय होता आणि त्यांनी तो योग्य वेळी केला.

त्याच कंपनीत शेअर्डचा (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साईट असलेला) वरचा प्लॅन घेतला तर बहुतेक वेळा काही हलवावं लागत नाही. मर्यादा वाढतात आणि काम होतं. त्यापुढे क्लाउड (अनेक सर्व्हर मिळून चालवतात ते होस्टिंग) किंवा व्हीपीएस (सर्व्हरचा फक्त तुमच्यासाठी राखलेला भाग) येतं. व्हीपीएसच्या जाहिराती बघून हुरळू नका. स्वस्त व्हीपीएस बहुधा अनमॅनेज्ड असतो: सर्व्हरचे अपडेट, फायरवॉल, बॅकअप, ईमेल, सगळं तुमच्या गळ्यात. तांत्रिक माणूस दिमतीला नसेल तर अनमॅनेज्ड घेऊच नका, हे मी आग्रहाने सांगतो. मॅनेज्ड घ्या, पण त्या शब्दात काय काय येतं ते लेखी विचारा. साईट हॅक झाली तर साफ करून देणार का? बॅकअप रोजचा आहे का, किती दिवसांचा राहतो, आणि तो परत चढवायला वेगळे पैसे पडतात का?

‘अनलिमिटेड’ या शब्दाला भुलू नका. फाईलींच्या संख्येची मर्यादा, ज्याला आयनोड म्हणतात, ती जवळपास सगळीकडे असते. एंट्री प्रोसेस, मेमरी आणि आयनोडचे आकडे विक्री करणाऱ्याकडून ईमेलवर मागवा. किंमत बघताना पहिल्या मुदतीचा दर बाजूला ठेवा आणि नूतनीकरणाचा दर बघा, त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर क्रमांक आधीच टाकून घ्या, नंतर बदलून मिळायला फार फिरावं लागतं.

सर्व्हर कुठे आहे हेही विचारा. आपले पाहुणे मुंबई, पुणे, सुरतेचे. सर्व्हर अमेरिकेत असेल तर प्रत्येक फेरीला साधारण २०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त जातात, आणि एक पान उघडायला अशा अनेक फेऱ्या होतात. मुंबईतल्या डेटा सेंटरचा पर्याय बहुतेक मोठ्या कंपन्या देतात. फक्त तो खरेदीच्या वेळी निवडावा लागतो.

सपोर्टला तिकीट टाकताना मी असा मजकूर देतो, तो तुम्ही आपल्या तारखा घालून वापरा: ‘आमची साईट अमुक तारखेला, भारतीय वेळेनुसार रात्री नऊ ते साडेनऊ ५०८ दाखवत होती. त्या काळात आमच्या खात्याची कोणती मर्यादा संपली? कोणत्या पानावर सर्वात जास्त विनंत्या आल्या, आणि त्या कोणत्या आयपींवरून? वरच्या प्लॅनमध्ये हीच मर्यादा किती आहे?’ या तीन प्रश्नांना नीट उत्तर न देता ‘अपग्रेड करा’ एवढंच लिहून येत असेल, तर वाढीव पैसे दुसऱ्या कंपनीला द्यायचा विचार करा.

हलवताना

कंपनी बदलायची असो वा व्हीपीएसवर जायचं असो, आधी किल्ल्या गोळा करा. डोमेन कुठे नोंदवलंय, कुणाच्या ईमेलवर, डीएनएस (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जातं ती नोंदवही) कुठून चालतं, होस्टिंगचं लॉगिन, वर्डप्रेसचं लॉगिन, आणि डोमेनवर किती ईमेल खाती आहेत. डोमेन साईट बनवणाऱ्याच्या नावावर असेल तर ते तुमच्या नावावर होईपर्यंत बाकी कशालाही हात लावू नका. होस्टिंग बदलायला डोमेन हलवायची गरज नसते. ती दोन वेगळी कामं आहेत आणि एकाच आठवड्यात दोन्ही करू नयेत.

पूर्ण बॅकअप म्हणजे फाईली आणि डेटाबेस, दोन्ही. एक प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवा.

मराठी साईटला एक खास धोका असतो. डेटाबेस नव्या जागी चढवताना अक्षरसंचाची जुळणी चुकली की मराठी मजकुराच्या जागी चित्रविचित्र रोमन चिन्हं दिसतात, किंवा सरसकट प्रश्नचिन्हं. चिन्हं दिसत असतील तर मूळ मजकूर अजून आत आहे, सुधारता येतो. प्रश्नचिन्हं असतील तर त्या प्रतीतला मजकूर गेलेला आहे, ती प्रत टाकून मूळ बॅकअप ‘यूटीएफ८एमबी४’ या अक्षरसंचात पुन्हा चढवायला सांगा. काहीही झालं तरी नव्या साईटवर बसून एकेक पान दुरुस्त करायला घेऊ नका. फोटोंच्या फाईलींना मराठी नावं असतील तर झिप उघडताना ती बिघडू शकतात, तेव्हा फोटोही उघडून बघा. मराठी शीर्षकांच्या लिंकही तपासा: वर्डप्रेस लिंकचा तुकडा २०० चिन्हांपर्यंत ठेवतो आणि आपलं एकेक अक्षरचिन्ह त्यात नऊ जागा खातं, त्यामुळे लांब शीर्षकं आधीच मध्येच तुटलेली असतात. त्या तुटलेल्या लिंक नव्या जागीही तशाच उघडल्या पाहिजेत.

नवी प्रत डोमेन वळवण्याआधी बघता येते. कंपनीकडे तात्पुरती लिंक मागा. त्यावर चौकशीचा फॉर्म, बुकिंग, पैसे भरणं, सगळं करून बघा. काही पेमेंट आणि एसएमएस सेवा ठरावीक आयपीवरूनच विनंती घेतात, त्यांना नवा आयपी आधी कळवावा लागतो.

मग ईमेल. लोक सगळ्यात जास्त इथे अडकतात. ईमेल जुन्याच होस्टिंगवर असतील आणि तुम्ही नेमसर्व्हर (डीएनएसची नोंदवही जिथे असते ते सर्व्हर) बदलले, तर नवे ईमेल नव्या सर्व्हरवर जातात, जिथे तुमची खातीच नसतात. तुमच्याकडे येणारी चौकशी परत फिरते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. ईमेल गूगल किंवा इतर सेवेवर असतील तर फक्त ‘ए रेकॉर्ड’ (साईटचा सर्व्हर सांगणारी नोंद) बदला, ‘एमएक्स रेकॉर्ड’ला (ईमेलचा सर्व्हर सांगणाऱ्या नोंदीला) हात लावू नका. जुन्या होस्टिंगवरच असतील तर आधी नव्या जागी खाती उघडा, जुने ईमेल आयमॅप या पद्धतीने हलवून घ्या. एसपीएफ आणि डीकेआयएम (ईमेल खरोखर तुमच्याकडूनच आला हे पटवणाऱ्या) नोंदीही नव्या सर्व्हरप्रमाणे कराव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने पाठवणाऱ्याच्या ओळखीची तपासणी कडक केली आहे, आणि या नोंदी चुकल्या की तुमची बुकिंगची पावती पाहुण्याच्या स्पॅममध्ये जाते, कधी पोचतच नाही.

दिवस निवडताना आपलं पंचांग बघा. लॉजवाल्यांनी श्रावण, सप्तशृंगीची चैत्र यात्रा, नवरात्र आणि द्राक्षांचा हंगाम टाळावा. आणि २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२७ मध्ये येतोय, मुख्य पर्वस्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. ज्यांचा धंदा त्याच्याशी बांधलेला आहे त्यांनी होस्टिंगचं काम त्याच्या कितीतरी आधी, एखाद्या निवांत महिन्यात उरकून घ्यावं. मंगळवार-बुधवारची रात्र मला बरी वाटते, दुसऱ्या दिवशी सपोर्ट पूर्ण हजर असतो.

एक दिवस आधी ए रेकॉर्डचा टीटीएल ३०० करून ठेवा. टीटीएल म्हणजे इतरांनी तुमचा पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा ती मुदत. पुष्कळ ठिकाणी ती १४४०० म्हणजे चार तास असते. ३०० केली की वळवल्यावर बहुतेकांना पाच-दहा मिनिटांत नवी साईट दिसते. नेमसर्व्हर बदलले तर मात्र दोन दिवसांपर्यंत काहींना जुनी, काहींना नवी साईट दिसू शकते. दुकान चालवत असाल तर वळवण्याआधी जुन्या साईटवर ऑर्डर घेणं बंद करा आणि शेवटचा डेटाबेस नव्या जागी न्या. नाहीतर मधल्या काळातल्या ऑर्डर जुन्या डेटाबेसमध्ये राहतात, पैसे येतात आणि पैठणी कुणाला पाठवायची ते कळत नाही. एसएसएल प्रमाणपत्र डोमेन वळल्यावरच निघत असेल तर काही मिनिटं सुरक्षेची सूचना दिसेल. हे कंपनीला आधी विचारून ठेवा.

वळवल्यानंतर वायफायवर आणि मोबाईल डेटावर, दोन्हीकडे बघा. मुंबईतल्या एखाद्या नातेवाइकाला उघडायला सांगा. स्वतःला एक ईमेल पाठवा, एक बाहेरून मागवा, फॉर्म भरा, एक रुपयाचं पेमेंट करून बघा. वहीतल्या नोंदी चालूच ठेवा. पुढच्या गर्दीच्या दिवशी रिसोर्स युसेजचं पान उघडून फॉल्टचा रकाना शून्य आहे ना ते पाहा.

जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका, निदान महिनाभर असू द्या. त्या महिन्यात आठवड्यातून एकदा जुन्या मेलबॉक्समध्ये डोकवा. एखाद्या बँकेचा किंवा जुन्या ग्राहकाचा ईमेल तिथे येऊन पडलेला सापडतो, आणि तसा सापडला तर एमएक्सची नोंद कुठेतरी अजून जुनी आहे. ती दुरुस्त झाली, तिथे नवं काही येईनासं झालं, की शेवटचा एक बॅकअप उतरवून घ्या, ऑटो रिन्यू आणि कार्डावरचं मँडेट दोन्ही रद्द करा, आणि खातं बंद केल्याचा कंपनीचा ईमेल जपून ठेवा.